खदान वाढवण्याआधी विहिरी मोजा

खदानीच्या क्षेत्रवाढीचा विषय ग्रामसभेत आला की काय बोललं जातं, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. क्रशरच्या धुरळ्याने बोंडं फुटायच्या आधीच कपाशी करडी पडते. हायवांनी रस्त्याची चाळण केली. सुरुंगाने घरांना तडे गेले. शाळेच्या वेळेत तरी गाड्या बंद ठेवा. एवढं झालं की दुसरी बाजू सुरू होते : गावातल्या किती पोरांना काम देणार, आणि मंदिराच्या सभामंडपाला खडी फुकट टाकणार का. सभामंडपाच्या खडीवर ठराव पास झालेला मी पाहिला आहे. पाण्याचं कुणी काढलंच, तर उत्तर ठरलेलं असतं : खदान वर माळावर, विहिरी खाली मळ्यात, त्यांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो खडकातून आहे. पण आज तो कुणालाही कागदावर दाखवता येत नाही, कारण खदान वाढायच्या आधी आजूबाजूच्या विहिरींना पाणी किती होतं याची नोंदच कुठे नसते. माझं म्हणणं एवढंच आहे : परिसरातल्या विहिरींची पातळी किमान एक पूर्ण वर्ष मोजून नोंदवल्याशिवाय शेतशिवारातल्या कुठल्याही खदानीला एक गुंठाही वाढवून देऊ नये. मोजणीचा खर्च आणि पाण्याला धक्का लागणार नाही हे दाखवायची जबाबदारी, दोन्ही वाढ मागणाऱ्याकडे असावीत. विहीरवाल्याकडे नाही.

तहसीलमध्ये गौण खनिजाचं, म्हणजे दगड-मुरूम-वाळूचं टेबल आणि टंचाईचं टेबल यांच्यामध्ये फार तर एक कपाट असतं. पहिल्यावर ब्रासचे (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) हिशेब, पंचनामे, दंडाच्या नोटिसा. दुसऱ्यावर टंचाई आराखडा : कोणत्या वाडीला टँकर, कोणाची खाजगी विहीर अधिग्रहित करायची, तिचे रोजचे किती द्यायचे. मार्च लागला की दुसऱ्या टेबलापुढे सरपंचांची गर्दी होते. दोन्ही फाइलींत गाव एकच असतं, पण एका फाइलीतला गट नंबर दुसऱ्या फाइलीतल्या विहिरीपासून किती लांब आहे आणि वर आहे की खाली, हे कोणी ताडून बघत नाही. सरकारला विहिरीचं मोल कळत नाही असंही नाही. उन्हाळ्यात ते स्वतःच पैसे मोजून विहीर ताब्यात घेतं. मात्र ज्या विहिरीवर अख्खं गाव मे महिना काढतं, तीच विहीर खदानीच्या अर्जात ‘जवळचा जलस्रोत, अंतर अमुक मीटर’ एवढ्या एका ओळीत उरकली जाते.

आता खडकाकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग लाव्हाच्या एकावर एक बसलेल्या थरांवर उभा आहे. नांदेडचा देगलूर-बिलोलीकडचा ग्रॅनाइटचा पट्टा सोडला तर मराठवाडा जवळजवळ सगळा त्यातच मोडतो. ज्याने आयुष्यात एकदा तरी विहीर खोदून घेतली आहे, त्याला हे थर पाठ असतात. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे बारीक छिद्रांचा दगड, कुठे हातभर तांबडा गेरू, आणि त्यानंतर पहार आपटली की ठण्ण वाजणारा काळा पाषाण. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्याच्या छिद्रांत आणि पाषाणाच्या भेगांत. अखंड पाषाणात ते नसतंच म्हटलं तरी चालेल. गंगेकाठच्या गाळाच्या मैदानात खाली शेकडो फूट वाळू पाण्याने भरलेली असते. आपल्याकडे फुटक्या खडकालाही शंभर घनमीटरमागे मोकळं होणारं पाणी दोन-तीन घनमीटर, म्हणजे शेकडा दोन-तीन टक्के. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा. त्यातलाही थोडाच भाग खाली मुरतो. तो मुरतो कुठे? माती पातळ आहे आणि मुरूम उघडा पडला आहे अशा माळावर, बरडावर, टेकडीच्या उतारावर. मळ्यातल्या चिकट काळ्या रानात पाणी साचतं, पण झिरपायला वेळ घेतं. म्हणजे ज्या जमिनीला सातबारावर पोटखराबा किंवा पडीक म्हणून मोडीत काढतात, ती खालच्या विहिरींना पाणी पुरवत असते. बालाघाटच्या किंवा अजिंठ्याच्या उतारावरचं कुठलंही गाव घ्या, चित्र साधारण हेच.

क्रशरवाल्याचं यावर एक उत्तर असतं, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणतो, खडीला आम्हाला पाषाण लागतो, मांजऱ्या चालत नाही. पाषाणात पाणी नसतं हे तुम्हीच सांगता, मग आम्ही तुमचं काय नेलं? नेलं असं की पाषाणापर्यंत जायला वरचा मुरूम आणि मांजऱ्या आधी काढावा लागतो. तो भरावाला विकला जातो. पाणी धरणारा थर तोच. शिवाय पाषाणातल्या उभ्या भेगा एकदा उघड्या पडल्या की वरच्या थरातलं पाणी विहिरीच्या दिशेने हळूहळू सरकायचं सोडून खदानीच्या भिंतीतून बाहेर पडतं.

हे डोळ्यांनी दिसतं. आमच्या भागातल्या एका खदानीच्या काठावर मार्गशीर्षात उभं राहावं. समोरची भिंत वीस-पंचवीस फूट उभी कापलेली आहे. वरचे काही फूट भुरे, कोरडे. मुरूम संपून गेरूचा तांबडा पट्टा लागतो, बरोबर तिथे भिंतीवर आडवी ओली रेघ आहे. रेघेखाली शेवाळ धरलंय, एका फटीत गवताचा पुंजका हिरवागार आहे, आणि दोन-तीन ठिकाणांहून धार नाही, पण थेंबांची माळ अखंड लागलेली आहे. तळाशी ते पाणी साचतं. साचलं की पोकलेनला काम करता येत नाही, म्हणून डिझेल पंप लावून ते नाल्यात सोडतात. नाला त्या दिवसांत तसाही कोरडा पडत आलेला असतो, त्यामुळे पाणी काही अंतरावर जाऊन वाळूत जिरतं. उताराला खालच्या मळ्यात सात परस खोल जुनी विहीर आहे, घडीव दगडाची. तिच्यात वाकून पाहिलं तर पायऱ्यांच्या खाली तोच तांबडा पट्टा दिसतो आणि झरा त्याच पट्ट्यावरून येतो. गेल्या काही वर्षांत तो संक्रांतीच्या आधीच आटायला लागलाय. खदानीला ते पाणी नकोच आहे, तिच्या दृष्टीने ती कामातली अडचण. पण खदानीच्या भिंतीतून जे निघून गेलं, ते विहिरीत येत नाही.

माझ्या परीने मी याचा ढोबळ हिशेब मांडून पाहिला. पाच हेक्टरची क्षेत्रवाढ आणि पाण्याने भरलेला दहा मीटर जाडीचा फुटका थर धरा. पाच लाख घनमीटर खडक झाला. दोन टक्क्यांनी त्यात पाणी दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज ५५ लिटर धरले, तर हजार वस्तीच्या गावाचं हे सहा महिन्यांचं पाणी. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. तशा वीस गाड्या. कोणी म्हणेल, माळावर दहा मीटर थर पूर्ण भिजलेला कधीच नसतो. कबूल. निम्मा धरा, तरी तीन महिन्यांचं पाणी उरतं, आणि मराठवाड्यात प्रश्न असतो तो नेमका तीन महिन्यांचाच. ही साठवण दर पावसाळ्यात भरून निघणारी होती, तेव्हा नुकसानही एका वर्षापुरतं राहत नाही. शिवाय यात फक्त खड्ड्याच्या जागेवरचं पाणी धरलं आहे. खड्डा पाण्याच्या पातळीखाली गेला की चहूकडून त्याच्याकडे पाणी ओढलं जातं, ते वेगळं. ते किती लांबून येईल हे भेगांवर अवलंबून. एखाद्या बाजूला शंभर मीटरवरची विहीर हलणारही नाही, आणि भेग ज्या दिशेला जाते तिकडची बरीच लांबची विहीर खाली जाईल. म्हणूनच ‘अमुक मीटर अंतर सोडलंय’ या अटीवर आपल्या खडकात फार विसंबता येत नाही.

दुसऱ्या बाजूचा हिशेबही सांगायला हवा. त्याच पाच लाख घनमीटरचे पावणेदोन लाखांच्या आसपास ब्रास होतात. ब्रासला ६०० रुपये रॉयल्टीने सरकारी तिजोरीत दहा कोटींहून अधिक जमा. एवढा पैसा जिथून येतो, तिथे आठ-दहा निरीक्षण बोअर घेऊन वर्षभर पातळी मोजायला पैसा नाही असं कोणी म्हणू नये.

सुरुंगाबद्दल थोडं जपून बोललं पाहिजे, कारण त्याच्यावर नको तेवढं खापर फुटतं. सुरुंगाच्या हादऱ्याला मर्यादा आहे. खाण सुरक्षा महासंचालनालयाने बाहेरच्या घरांसाठी कंपनाच्या वारंवारितेनुसार सेकंदाला ५ ते १५ मिलिमीटर अशी ती घालून दिली आहे. पण ती मर्यादा बांधकामाची. घर शाबूत राहिलं म्हणजे विहिरीचा झराही जागेवर राहिला असं होत नाही. सुरुंगाने भेगा बुजतात, वळतात, कधी नव्याही उघडतात. एखाद्याच्या विहिरीला सुरुंगामुळे पाणी वाढल्याचंही ऐकायला मिळतं आणि ते अशक्य नाही. जुन्या, सुक्या दगडात बांधलेल्या विहिरींची कड मात्र अशा हादऱ्यांनी सुटते. लातूर-धाराशिवकडे तर हादरा म्हटलं की १९९३ च्या सप्टेंबरची ती पहाट आठवणारी पिढी अजून घराघरात आहे. तिथे सुरुंगाची वेळ फळ्यावर लिहून ठेवणं हा किमान शिष्टाचार झाला, पण तोही सगळीकडे पाळला जात नाही.

धुरळ्याचं पिकावर काय होतं हे सगळ्यांना दिसतं. पाण्यावर काय होतं ते कमी दिसतं. क्रशरची बारीक भुकटी पहिल्या मोठ्या पावसात नाल्याने वाहत खाली येते आणि पाझर तलावाच्या, बंधाऱ्याच्या तळाशी बसते. तलावात पाणी दिसतं, पण पाझरत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी गावोगाव पाझर तलाव खणले गेले. त्याच कामांवर आपल्या आज्या-आजोबांनी रस्त्यासाठी हाताने खडीही फोडली. तेव्हा मराठवाड्याचं खडीशी वैर नाही. आजच्या क्रशरला एका दिवसात लागतो तेवढा दगड त्या काळी अख्ख्या गावाच्या हातून किती दिवसांत फुटला असता, हे त्या पिढीतलं कोणी असेल तर विचारून बघा.

दगड लागणारच आहे, हे मला मान्य आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून गेला. शक्तिपीठ महामार्गाची मूळ आखणी मराठवाड्यातल्या सहा जिल्ह्यांतून जाणारी. नदीची वाळू उपसू नये म्हणून सरकारने २०२५ मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं. ते नदीसाठी चांगलंच आहे. पण ती वाळू होते दगड दळून, आणि धुवायची म्हटली तर तिला पाणी लागतं. म्हणजे नदीवरचा ताण माळावर सरकला. मागणी वाढत जाणार हे उघड असताना, ती पाण्याच्या कुठल्या मोबदल्यात भागवायची हे आधी ठरवायला नको का? घरकुलाला खडी नको असं म्हणणारा या गावांत कोणी नाही. स्वतःच्या विहिरीचा बळी देऊन ती द्यायला कोणी तयार नाही, इतकंच.

जमीन देणारा शेतकरी खलनायक ठरवायचा प्रकारही मला पटत नाही. चार एकर बरड, त्यात तीन पोती तूर होण्याची मारामार, पोरगं पुण्यात कंपनीत कंत्राटी. त्याला कोणी वर्षाला रोख भाडं देत असेल तर त्याने नाही का म्हणावं? पण भाडं एकाच्या खात्यात जमा होतं आणि उतरलेलं पाणी वीस जणांच्या विहिरीतलं असतं. कायद्याचं जुनं वळणही याच बाजूचं आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार, ठरावीक प्रवाहाने न वाहणारं जमिनीखालचं पाणी आपल्या हद्दीत घ्यायचा आणि वापरायचा हक्क जमिनीच्या मालकाचा. शेजाऱ्याच्या खणण्याने माझी विहीर आटली तर मला दाद मागायला जागा फार थोडी. इंग्रजांनी ही समजूत आणली, तेव्हा मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं. भूगर्भशास्त्र तेव्हा एवढं पुढे गेलेलं नव्हतं, आणि जमिनीखालच्या पाण्याला कोण अडवणार असाच तेव्हाचा समज होता.

त्यानंतर आपण कायदे केले नाहीत असं नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येणार नाही, हा १९९३ च्या कायद्यातला नियम गावागावात ठाऊक आहे. तलाठी सांगतात, शेजारी तक्रारी करतात. २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यात अधिसूचित क्षेत्रात साठ मीटरहून खोल बोअरला मनाई आहे. (आठशे फुटांचे बोअर रोज पडतात ही वेगळी कथा.) हे दोन्ही नियम विहिरी-बोअरचे. दगडासाठी पाडलेल्या पाच हेक्टरच्या खड्ड्याला ते तसे लागत नाहीत. साडेचार इंची बोअर घेणारा शेतकरी मात्र नियमात सापडतो. खदानीकडून पर्यावरण मंजुरी मागितली जाते, हे खरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरखालच्या गौण खनिज पट्ट्यांनाही ती बंधनकारक केली, कारण मोठा पट्टा छोट्या तुकड्यांत दाखवून मंजुरी चुकवली जात होती. २०१६ च्या अधिसूचनेने ५०० मीटरच्या आत शेजारी-शेजारी असलेले पट्टे एकत्र धरायला सांगितलं. कागदावर सगळं आहे. पण मंजुरीच्या अहवालात भूजलावर ‘परिणाम नगण्य’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा ते कशाच्या आधारावर, कोणत्या विहिरीच्या कोणत्या महिन्यातल्या पातळीवरून, हा प्रश्न जनसुनावणीत विचारून बघा. जनसुनावणी झालीच तर.

पातळी मोजणारी यंत्रणा राज्याकडे नाही असंही नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून आहे. तिची माणसं वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, निरीक्षण विहिरींत टेप सोडून पातळी घेतात. त्यावरून टंचाईचा अंदाज निघतो. पण अशा विहिरी राज्यभरात चार हजारांच्या घरात, आणि गावं चाळीस हजारांवर. तुमच्या खदानीखालची विहीर त्यात असण्याची शक्यता फार कमी. म्हणून मग भांडण लागतं तेव्हा दोन्हीकडून फक्त तोंडी पुरावा. विहीरवाला म्हणतो, पूर्वी होळीपर्यंत चार तास मोटर चालायची, आता संक्रांतीला अर्ध्या तासात फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो. खदानवाला म्हणतो, तुमच्याच शिवारात ऊस वाढला, बोअर वाढले, पाऊस कमी झाला. पंचनाम्याला आलेला अधिकारी दोघांचं लिहून घेतो आणि चहा पिऊन जातो.

आणि खदानवाल्याच्या म्हणण्यात तथ्य असतं, हे मान्य केलं पाहिजे. मराठवाड्यातलं भूजल खाली नेलं ते मुख्यतः बोअरने आणि उसाने. मोसंबी वाचवायला एकेका शेतात सहा-सहा बोअर पडले, विहिरीत चारही बाजूंना आडवे बोअर मारले, शेवटी मशीनमधून नुसता फुफाटा उडाला. हे सगळं खदानीच्या नावावर टाकणं खोटेपणाचं होईल. नोंद नेमकी इथे उपयोगी पडते. उसाने पातळी उतरते ती साऱ्या शिवारात कमीजास्त सारखीच. खदानीने उतरते ती खदानीच्या जवळ जास्त, दूर कमी, आणि पंप सुरू असतो त्या महिन्यांत ठळक. वर्षभराचे आकडे समोर असले की हे वेगळं काढता येतं. खदान निर्दोष असेल तर तेही त्यातून निघेल, आणि गावाला गप्प बसावं लागेल. प्रामाणिक धंदेवाल्याने याला विरोध करायचं कारण मला दिसत नाही.

‘खड्ड्यात पाणी साठेल, गावाला आयतं शेततळं मिळेल’ हाही युक्तिवाद ऐकू येतो. बंद पडलेल्या काही खदानींत पाणी राहतं, गुरं पितात, कुठे गावाने त्यावर पाणीपुरवठाही चालवला आहे. तेव्हा ही अगदी थाप नाही. पण चालू खदानीत पाणी साठू देत नाहीत, उपसतात. ‘नंतर’ म्हणजे पंधरा-वीस वर्षांनी. आणि उघड्यावरच्या पाण्यातलं दीड-दोन मीटर वर्षाला उन्हानेच उडतं, जे खडकात राहिलं असतं तर उडालं नसतं. खदानीची भिंत उभी, कठडा नाही, पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचतो. शेततळं करायचं असेल तर काठ उतरता करून, कुंपण घालून, येणाऱ्या पाण्याची वाट मोकळी ठेवून करावं लागतं, आणि तो खर्च बंद करायच्या आराखड्यात आधी लिहून, त्याची अनामत आधी भरून घ्यावी लागते. तोंडी शेततळ्याला अर्थ नाही.

जबाबदारी कोणाची, याचं उत्तर आपल्या न्यायव्यवस्थेने कधीच दिलेलं आहे. वेल्लोरच्या चामडे कारखान्यांच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या कामाने पर्यावरणाला बाधा होत नाही, हे काम करणाऱ्याने सिद्ध करायचं. हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात सावधगिरीचं तत्त्व आणि ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व दोन्ही लिहिलेली आहेत. खदानीच्या बाबतीत आपण ते उलटं करून ठेवलंय. विहीर आटलेल्या माणसाने वकील लावायचा, भूवैज्ञानिक शोधायचा, आणि नसलेले जुने आकडे आणायचे.

मग करायचं काय? वाढीचा अर्ज आला की उताराच्या दोन्ही अंगांना किलोमीटरभरातल्या सगळ्या विहिरी, बोअर आणि गावचे हापसे यांची यादी व्हावी. गट नंबर, खोली, कडेपासून पाण्यापर्यंतचं अंतर. मोजणी भूजल यंत्रणेच्या त्याच चार महिन्यांत व्हावी, म्हणजे तुलना करता येते. मोजताना विहिरीचा मालक हजर असावा आणि आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. फळ्यावरचा आकडा सहसा कोणी बदलत नाही. वाढीची परवानगी द्यायची तर खोलीची मर्यादा मे महिन्याच्या पाण्याच्या पातळीवर बांधावी : त्या पातळीच्या वर जेवढा दगड आहे तेवढा घ्या, खाली जायचं तर पुन्हा अर्ज. उपसलेल्या पाण्यावर मीटर बसवावा आणि ते पाणी नाल्यात न सोडता गावच्या साठवण टाकीला किंवा खालच्या विहिरींच्या पुनर्भरणाला द्यावं. खदानीला धूळ दाबायला पाणी फवारावं लागतंच, तेही यातूनच घ्यावं. एकीकडे फवाऱ्याचा टँकर आणि दुसरीकडे बायका हंडे घेऊन गावच्या टँकरची वाट बघतायत, हे दृश्य मला सहन होत नाही. आणि सहा महिन्यांत पातळी ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली गेली, तर पाणी पुरवण्याचा खर्च अनामतीतून आपोआप वळता व्हावा, खटला चालेपर्यंत थांबायला लागू नये. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचं पाणी अग्रक्रमाच्या कामांत धरलेलंच आहे. तो पैसा त्याच तालुक्यातल्या मोजणीला वापरायला काय हरकत आहे? त्या पैशातून सभामंडप बांधायची सवय मात्र मोडावी लागेल.

जुन्या खदानींचं काय, हा प्रश्न यावर कोणीतरी विचारणारच. तिथे ‘आधीची’ पातळी कायमची हातून गेलेली आहे. पण एक साधी कसोटी करता येते. नूतनीकरणाचा अर्ज आला की दिवाळीनंतर, पाऊस थांबलेला आणि रब्बीचा उपसा अजून जोरात सुरू झालेला नाही अशा दिवसांत, महिनाभर खदानीचा पंप बंद ठेवायचा. खड्ड्यात पाणी चढू द्यायचं आणि आजूबाजूच्या विहिरींत रोज सकाळी मोटर सुरू करायच्या आधी टेप सोडायचा. खड्ड्यातलं पाणी चढताना खालच्या विहिरींची उतरण थांबली, किंवा त्या फूट-दोन फूट वर आल्या, तर दोन्हींचं नातं आकड्यांत सापडलं. काहीच हललं नाही तर त्या खदानीवरचा आरोप गावाने मागे घ्यावा. पंप महिनाभर बंद राहिल्याने होणारं नुकसान मालकाला सोसवेल, कारण मशीन, हायवा आणि माणसं त्या काळात वरच्या कोरड्या पायरीवर कामाला लावता येतात. यासाठी नवा कायदा लागत नाही. नूतनीकरणाच्या अटींत ही एक अट वाढवायची आहे, आणि त्या अटीचा आग्रह ग्रामसभेच्या ठरावात सभामंडपाच्या खडीच्या आधी लिहून घ्यायचा आहे.